हरणांनी खुडलेला हरभरा

लातूरच्या क्लासमधून मी दिवाळीच्या सुट्टीला गावी आले, की माझे वडील, अण्णा, मला हरभऱ्याच्या राखणीला मचाणावर बसवायचे. पुस्तकं वाचत बसायचं आणि हरणं दिसली की पत्र्याचा डबा बडवायचा.

त्या वर्षी मायही सोबत वर चढली. भूकंप झाल्यापासून तिला छताखाली झोप म्हणून नव्हती. घरात साधं ताट पडलं तरी ती अंगणात पळायची. मचाणाला छतच नव्हतं. कोवळ्या उन्हात बोलता बोलता तिचा डोळा लागला आणि ती चक्क घोरायला लागली.

नेमका तेव्हाच हरणांचा कळप आला. मेली हरणं वीतभर हरभऱ्याचे शेंडे निवांत खात सुटली. मला असा राग आला! मी डबा उचलला, मायकडं बघितलं आणि तसाच खाली ठेवला.

तेवढ्यात बांधावरून अण्णा हातवारे करत आले. शिडी चढून माझ्यावर खेकसणार, तोच त्यांना झोपलेली माय दिसली. ते शिडीवरच थांबले.

मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “खाऊ दे. शेंडे खुडले की हरभऱ्याला फुटवे लई येतेत.”