धरणाच्या भिंतीवरचा माझा कडुनिंब

परवा पातूरकडच्या आमच्या गावी गेले होते... दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर, तेही आमच्या जुन्या मातीच्या धरणावर! भिंतीच्या उतारावर घसरगुंडी खेळायचो, डब्यातली भाकर-ठेचा तिथेच बसून खायचो. भिंतीवर एकच मोठं झाड आहे... माझा कडुनिंब.

हो, माझाच. सातवीत आमच्या वर्गाने भिंतीवर रोपं लावली होती, आणि धरणाचे चौकीदार रहीमचाचा यांनी दुसऱ्याच दिवशी सगळी उपटून फेकली! मी असं काही भोकाड पसरलं, की माझं रोप तेवढं त्यांनी राहू दिलं. पुढे वर्षानुवर्षं आम्ही त्यांना 'झाडखाऊ' म्हणायचो... मीसुद्धा.

परवा बघते तर काय, कडुनिंबावर लाल फुली! तोडायचंय म्हणे. माझं डोकंच सटकलं... तिथल्या तिथे 'झाड वाचवा' असा अर्ज लिहिला आणि पहिल्या सहीसाठी चाचांकडे गेले. आता खूप थकलेत ते.

चाचांनी अर्जाला हातही लावला नाही. काचेचा ग्लास घेतला, काठी टेकत मला भिंतीच्या पायथ्याशी नेलं. बरोबर झाडाखाली पाणी पाझरत होतं... ते ग्लासात धरलं. थोड्या वेळाने तळाशी माती बसली.

"नितळ पाणी झिरपलं त भेव नाही, पोरी. हे गढूळ हाय... मुळ्यायनं वाट केली, भिंतीतली माती वाहून राह्यली." पाटबंधारे खात्याच्या साहेबांना बोलावून हे दाखवणारे, फुली मारायला लावणारेही चाचाच! धरणातलं पाणी कमी करायलाही सुरुवात झाली होती. मग हळूच म्हणाले, "तू रडली म्हणून सोडलं थे झाड. चूक माहीच हाय."

चाचांचं घर, माझ्या दादाचं घर, आमची शाळा... सगळं त्या भिंतीखाली. आणि मी निघाले होते झाड वाचवायला!

अर्ज फाडला, नवा लिहिला. झाड लवकर काढा, मुळांसकट काढा, खड्डा माती ठोकून ठोकून भरा... चाचा सांगत होते, मी लिहीत होते. पहिली सही माझी. बॅचमधले अर्धे अजून रुसलेत. रुसू देत.

निघताना कडुनिंबाखाली पाच मिनिटं बसले आणि रडूच फुटलं. चाचा खालून ओरडले, "रडू नको न माय... नाही त मी पुन्हा सोडून देईन थे झाड!"

चाचा, झाडखाऊ म्हटल्याबद्दल माफ करा. तुम्ही रोज ती भिंत पायी फिरून बघत होता, म्हणून आम्ही खाली निवांत झोपलो.