वैजापूरला नेलेला चौथा

औरंगाबादला छावणीतल्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, तेव्हा ‘ऑड’ हा शब्द आला की मला भलताच चेव यायचा. पोरांना त्याचा एकच अर्थ ठाऊक. विचित्र. आणि विचित्र म्हणजे कोण, तर एका हातात छत्री धरून सायकल चालवणाऱ्या आमच्या बाई, म्हणजे मीच.

मी म्हणायचे, थांबा रे गाढवांनो! दोननं भाग जात नाही ती संख्या ऑड. धुण्यातून जोडीदार हरवून आलेला मोजा, तोही ऑड. बाईमाणसाला वय नीट सांगायचं नसलं की चाळिसाच्या पुढं हाच शब्द चिकटवून मोकळं व्हायचं. आणि घरात ज्याचं काही ठरलेलं काम नाही त्याच्या गळ्यात जी सटरफटर कामं पडतात, तीही ऑडच. हे सांगताना मला पुस्तकात बघावं लागायचं नाही. मुकुंदवाडीच्या आमच्या घरात हे सगळे अर्थ मी एकटीच होते.

घरात थोरला दादा, वहिनी, त्यांची एकुलती एक मुलगी आणि मी. माझं लग्न झालं नव्हतं. का नाही, ते विचारू नका. आधी आलेली स्थळं मला पटली नाहीत आणि पुढं यायचीच बंद झाली.

आता वहिनीचं शास्त्र असं, की शुभकामाला तिघांनी मिळून जायचं नाही. दादा-वहिनी नटूनथटून साखरपुड्याला निघाले आणि मी चपला घालायला लागले, की वहिनी म्हणायची, “वन्सं, तुमी घरीच थांबा. तिघं व्हत्यात.” भाची बरोबर निघाली तर मात्र तीच तिसरी व्हायची. मग मला साडी बदलायलाही उसंत न देता चौथी म्हणून ओढत न्यायचे. एकूण काय, मी त्या घरात माणूस नव्हते, जोड्या जुळवायची सोय होते. मला याचा भयंकर राग यायचा. राग आला की मी घासलेली भांडी पुन्हा घासायचे.

कॉलेजात आम्हाला इंग्रजीला जे सर होते, ते पोलीस ॲक्शनच्या आधी उर्दूत शिकलेले. ऑड म्हणजे काय, असं कुणी तरी विचारलं तर म्हणाले, “ताक.” सगळा वर्ग फिदीफिदी हसला. आमच्या डोळ्यांपुढं प्यायचं ताक. सर चिडले. “अरे नालायको, जिसका जोड नहीं वो ताक! बेजोड!” मग त्यांनी फळ्यावर एक त्रिकोण काढला. खाली दोन टोकं, वर एक. म्हणाले, हा शब्द फार वरच्या थंड मुलखातून इंग्रजीत आला. मूळ अर्थ टोक. मग त्रिकोणाचं वरचं टोक, मग तिसरा. दोघांचं जमेना की तिथं तिसऱ्याला बोलवायचे आणि तो सांगेल ते दोघांनी ऐकायचं. ‘विचित्र’ हा अर्थ लोकांनी मागाहून लावला. मला तो त्रिकोण फार आवडला. पण वरच्या टोकाला बसवून माझं ऐकणारं आमच्या घरात कोण होतं?

भाची बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा तिला वैजापूरचं स्थळ आलं. कांद्या-कापसाची आडत, दोन मजली घर, मुलगा एकटा. दादा नुसत्या वर्णनानंच गार झाला. भाची माझ्याजवळ येऊन रडायला लागली. “आत्या, मला परीक्षा देऊ दे गं. लग्नानंतर दे म्हणतात, पण देऊ देतं का कुणी? तू सांग ना बाबांना.”

“मला कोण विचारतंय?” मी म्हणाले. “मला तर ते नेणारही नाहीत.”

भाचीला घरी ठेवून मुलाचं घर बघायला जायचं त्या सकाळी मी रोजच्यासारखी भांड्यांपाशी बसले होते. वहिनी अंगणात आली. नळाजवळचा एक गोल धोंडा तिनं उचलला, धुतला, पदरानं पुसला आणि फडक्यात बांधला. मला म्हणाली, “वन्सं, साडी बदला. तुमी बी चला.”

“तिघं होतात की!”

“ह्यो चौथा. माज्या माहेरी असंच करत्यात.”

माझं डोकंच फिरलं. अंगण भरून धोंडे पडलेत, आणि इतक्या वर्षांत एकदाही हिला हे सुचलं नाही? “माहेर आजच आठवलं होय?” मी म्हणाले. ती नुसतं “बस चुकंल” म्हणाली आणि आत गेली. तरी मी साडी बदलली, तीही चांगली ठेवणीतली. बसमध्ये वहिनीनं पिशवीसकट धोंडा माझ्या मांडीवर ठेवला. सटरफटर कामं माझीच ना!

वैजापूरचं घर दांडगं होतं. पण जिथं बघावं तिथं कांदे. जिन्याखाली कांदे, पलंगाखाली कांदे. मुलगा बरा होता, मान खाली घालून बसला होता. पोहे झाले. यजमानीणबाईंनी पिशवी खुंटीला अडकवायला म्हणून उचलली आणि वरूनच गोल गोल चाचपली. त्यांचा चेहरा एकदम फुलला. “अगं बाई! नारळ घिऊनच आलात व्हय? म्हंजी आजच पक्कं!” आम्ही तोंड उघडायच्या आत हळदीकुंकवाचं ताट आलं, शेजारणी आल्या. वहिनीनं नाइलाजानं गाठ सोडली.

ताटात धोंडा.

दादाची मान त्या मुलापेक्षा खाली गेली. वहिनी पुटपुटली, “आमी तिघंच आलो नव्हं, म्हनून...” मला वाटलं, आता हाकलतात. पण यजमानीणबाई सहज म्हणाल्या, “त्यात काय, आमी बी नेतो,” आणि बोटं कुंकवात बुडवलीच होती म्हणून धोंड्याला हळदीकुंकू लावलं.

यजमान मात्र खो खो हसत उठले आणि घरातला खरा नारळ घेऊन आले. “घ्या पाव्हनं. आता आमचाच घ्या.”

दादानं हात पुढं केला.

“थांबा,” वहिनी म्हणाली. “मला नाय वाटत.”

“का?” दादानं विचारलं.

“कांद्याचा लई वास येतोय.”

यजमान आडतीत मुरलेले. म्हणाले, “एक हो म्हनतंय, एक नाय. आमच्याकडं भाव अडला तर तिसऱ्याला पुसत्यात. वन्सबाईंना बोलू द्या.”

सगळे माझ्याकडं वळले. वहिनीसुद्धा. तिची नजर पाहिली आणि धोंडा कशासाठी उचलला होता ते मला तेव्हा कळलं. मी म्हणाले, “पोरीची परीक्षा आहे. ती होऊ द्या. मग तिला विचारू.”

“तोवर नारळ नासंल की!”

“मग नवा आणा,” मी म्हणाले.

ते हसले, पण नारळ आत गेला. पुढं त्यांनी आमची वाट पाहिली नाही, दुसरीकडची सून केली. भाची पास झाली. पण ते सगळं नंतरचं.

परतीच्या बसमध्ये दादा पुढच्या बाकावर जाऊन बसला, तोंड फिरवून. वहिनी हळू म्हणाली, “मला सातवीतनं काढलं व्हतं, वन्सं. पयला नंबर व्हता माजा.” इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला आणि मला हे माहीत नव्हतं. मला रडू आवरेना. तिनं मला डोळे पुसायला धोंड्याचंच फडकं दिलं.

औरंगाबादला स्टँडवर उतरल्यावर दादा आमच्याशी पहिलं वाक्य बोलला. “तो धोंडा फेकून दे आधी!”

वहिनीनं धोंड्यावरचं कुंकू नीट केलं आणि तो पुन्हा पिशवीत टाकला.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “आता दर खेपंला लागंल.”