ओळखीची सीट

बारावीचा निकाल लागला की इंदापुरात आमच्या ओट्यासमोर चपलांचा ढीग पडतो. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. आता रिटायर झाले, तरी लोक येतातच. कुठली ब्रँच घ्यावी, फॉर्म कसा भरायचा, फी कशी माफ होते, सगळं विचारतात. मी घसा कोरडा करून सांगते. माना डोलावतात, चहा पितात, आणि उठता उठता एक जण हळूच म्हणतो, "समदं बरोबर हाय बाई, पन तितं तुमची कुणाशी वळख हाय का?"

या शब्दाची मला शिसारी आली आहे. अरे, तासभर मी काय भजन म्हणत होते का?

दोन वर्षांमागं माझी एक विद्यार्थिनी आली होती, बापाला आणि मामाला घेऊन. बाप लोणी देवकरच्या एका फॅक्टरीत कामाला, पहिली पाळी करून तसाच आलेला. मामा मात्र कडक इस्त्रीत, हातात दोन फोन. पोरीला सीईटीत झकास मार्क होते. मी तिला विचारलं, "काय करायचंय तुला?" उत्तर मामानं दिलं, "कॉम्प्युटर." मी विचारलं, "कुठं?" मामा म्हणाला, "पुण्याला." पोरीला तोंड होतं, पण ते उघडायची पाळी काही तिच्यावर येत नव्हती. शेवटी मीच मामाला म्हटलं, "परीक्षा तुम्ही दिली होती का?" तेव्हा ती खुदकन हसली आणि म्हणाली, "बाई, मला सरकारी कॉलेजात जायचंय."

मी समजावून सांगितलं. पसंतीक्रम भर, यादी लागेपर्यंत थांब, तुझा नंबर लागणार. यादीतून लागला की मुलींची फी सरकार भरतं. मॅनेजमेंटच्या सीटवर बसलीस तर ती सवलत नाही, सगळी फी बापाच्या खिशातून. तेवढं एकच ध्यानात ठेव, म्हटलं.

मामाला हे थांबणं काही सोसेना. "लोकं वाट बगत बसत्यात, त्यांना कोन नसतं म्हनून. आमी काय बिनवळखीचं हाय व्हय?" असं म्हणून त्यानं माझ्याच ओट्यावरून कुठल्याशा पतसंस्थेच्या चेअरमनला फोन लावला. स्पीकरवर, मला ऐकू यावं म्हणून. पलीकडून आवाज आला, "काम झालं समज." मामानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही माझी सगळी नोकरी फुकट गेली होती.

आठवड्यात पोरीचे ओरिजिनल दाखले एका खासगी कॉलेजात जमा झालेसुद्धा. आणि मग यादी लागली. तिचा फोन आला तेव्हा आधी नुसती किंकाळीच ऐकू आली. "बाई, लागला! सरकारी! पयलाच पर्याय!" मीही इकडं ओरडले. म्हटलं, "दाखले परत आण आणि मुदतीच्या आत प्रवेश पक्का कर." ती म्हणाली, "मामा न्हाय म्हनतोय."

मी रिक्षा करून त्यांच्या घरी गेले. मामा खाटेवर बसला होता. मी म्हटलं, "अहो, सोन्यासारखी सीट आहे. फुकटात शिकेल पोरगी." तो शांतपणे म्हणाला, "बाई, त्या मानसानं माज्यासाठी शबूद टाकलाय. आता दाखलं मागून मी त्येला तोंड काय दावू?" मी म्हटलं, "आणि तिनं अभ्यास केला, त्याचं काय?" त्यावर जे तो बोलला ते अजून माझ्या कानात किड्यासारखं वळवळतं. "यादीतनं काय, कुनाचाबी नंबर लागतो बाई. त्येच्यात आपलं काय?"

मी बापाकडं वळले. म्हटलं, "तुम्ही तरी बोला. पोरगी तुमची आहे." तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मेव्हन्यानं धावपळ केलीया, त्येचं मन कसं मोडावं?" पोरगी दाराला धरून उभी होती. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती एकाच्या तोंडाकडं, मग दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मुदत संपली. सरकारी सीट गेली दुसऱ्या कुणाला तरी. बापानं फीसाठी कर्ज काढलं.

पुढं बारामतीत एका हॉलमध्ये गुणवंतांचा सत्कार ठेवला होता. मी जाणार नव्हते, पण पोरीनं स्वतः फोन केला म्हणून गेले. बाहेर फ्लेक्सवर चेअरमनचा भलामोठा फोटो, आणि खाली गुणवंतांचे, पोस्टाच्या तिकिटाएवढे. आत तो माइक धरून सांगत होता, "ह्या गरीब लेकरांना आमी कॉलेजात लावलं नसतं, तर घरीच बसली असती." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मामा सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. पोरीला वर बोलावलं, शाल घातली. मामा खालून ओरडला, "पाया पड, पाया पड!" ती वाकली.

मी उठून बाहेर आले. माझ्या मागोमाग ती पळत आली, अंगावर शाल तशीच. मला वाटलं, आता रडेल, भांडेल, मामाला चार शिव्या तरी देईल. मी म्हटलं, "बोल बाई, बोल एकदाची."

तिनं मागं वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग माझा हात धरून हळू आवाजात म्हणाली, "बाई, यादीत माजं नाव आलं होतं ते कुनाला सांगू नका. मामाचं हसं हुईल."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार, कप्पाळ!