सनाखालचे ठिपके

जुना चांदीचा रुपया पाहायचा असेल तर तो आधी हातात घेऊ नये. खिडकीजवळ मऊ कापडावर ठेवावा, उजेड एका बाजूने येईल असे बसावे आणि मग भिंग डोळ्याशी न्यावे, रुपयाशी नव्हे. अंतर कमी करायचे ते मान झुकवून. बहुतेक लोक याच्या नेमके उलट करतात. रुपया उचलतात, दिव्याखाली नेतात, चमक पाहतात आणि खाली ठेवतात. त्यांनी काहीच पाहिलेले नसते.

हे मला माझ्या शाळेतल्या चित्रकला शिक्षकांनी शिकवले. मी विज्ञान शिकवीत असे. एकाच शिक्षकखोलीत आम्ही सव्वीस वर्षे शेजारी बसलो आणि एकमेकांना कायम ‘सर’ म्हणत राहिलो. निवृत्तीनंतर ते नारपोलीतल्या त्यांच्या घरी एका तक्त्यावर काम करीत असत. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच एका कारखान्याचे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. त्या खटखटीत त्यांची पेन्सिल कशी स्थिर राही, हे मला कधी उमगले नाही.

तक्ता होता राणीछाप रुपयाच्या ठशांचा, आणि त्यातही एकाच सनाच्या: १८६२. टांकसाळीने तोच सन कोरलेले रुपये पुढे कित्येक वर्षे पाडले. कोणता रुपया कधीचा हे ओळखण्यासाठी बारीक ठिपक्यांची खूण ठेवली असावी, असे अभ्यासक मानतात. म्हणून पाहण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम दर्शनी बाजू: राणीच्या वस्त्राच्या पुढच्या पट्टीत चौकटी मोजाव्यात. चार पूर्ण असतील तर पहिला चेहरा, चौथी अपुरी असेल तर दुसरा. मग रुपया उलटावा. वरच्या फुलाच्या पाकळ्या लांब आणि खाली वळलेल्या आहेत की आखूड आणि आडव्या, ते पाहावे. सर्वांत शेवटी सनाखालचे ठिपके. ते राजगिऱ्याच्या दाण्याहूनही लहान असतात, आणि सारा निर्णय त्यांच्यावर असतो.

सरांनी प्रत्येक प्रकारासाठी तक्त्यात एक चौकट आखली होती, आणि प्रत्यक्ष रुपया समोर असल्याशिवाय ते चित्र काढीत नसत. पुस्तकातले पाहून काढणे त्यांना मान्य नव्हते. “जे दिसतं तेच काढायचं, जे माहीत आहे ते नाही,” हे वाक्य ते आठवीच्या मुलांना फुलदाणी समोर ठेवून सांगत, तेच स्वतःलाही लावत. एक सोडून सर्व चौकटी भरल्या. उरलेली एक अशी होती: पहिला चेहरा, आखूड पाकळ्यांचे फूल, खाली तीन ठिपके.

मग त्यांचे डोळे जाऊ लागले. मधुमेहाने पडद्यावर रक्त उतरले होते. डॉक्टरांनी लेझर केले आणि स्पष्ट सांगितले की गेले ते परत येणार नाही, आणि आहे ते किती टिकेल हे सांगता येणार नाही. एका डोळ्याच्या कडेने सरांना अजून दिसत होते. त्या उरलेल्या नजरेवर मी त्यांच्याकडून एक शेवटचे चित्र काढून घेणार होतो. तसे मी त्यांना बोललो नाही. त्यांनीही कधी मागितले नाही. मी गेलो की फक्त विचारीत, “काय सर, राणी भेटली का?”

मी शोधत होतो. बाजारपेठेतले सराफ मोडीत आलेले रुपये वितळवण्यापूर्वी मला पाहू देत. अंबाडी गावच्या नाक्यावर एक भांडीवाला जुनी नाणी ठेवीत असे. त्याच्याकडची निम्मी नकली आणि उरलेली भलत्याच सनाची निघाली. मग मला माझे जुने विद्यार्थी आठवले. या भागातल्या बहुतेक घरांत लक्ष्मीपूजनाचे दोन-चार बंदे रुपये असतात. ते विकले जात नाहीत. वर्षभर देव्हाऱ्यात राहतात आणि दिवाळीला पाटावर येतात. शोधायचे तर तिथेच, असे मी ठरवले.

पाच घरे झाली. प्रत्येक घरी माझ्यापुढे आरशासारखे लखलखीत रुपये आले आणि सनाखालची जागा काचेसारखी सपाट होती. मी वहीत नोंद केली: ‘झिजलेला, अनिर्णित.’ पाच घरांत पाच वेळा तीच नोंद झाली, तरी मला शंका आली नाही. वर्गात एखाद्या मुलाने पाच प्रयोगांत तेच उत्तर आणले असते तर मी त्याला कारण शोधायला लावले असते.

सहावे घर पडघा गावातले होते. हा विद्यार्थी शेतकरी घरातला. आता त्याच्या भातखाचरांवर गोदामे उभी आहेत आणि अंगणात ट्रक वळतात. त्याने माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि स्वतः जमिनीवर बसला. त्याच्या आईने देव्हाऱ्यातून हळदीकुंकवाची वाटी आणली. तिच्यात एकच रुपया होता.

मी तो रुमालावर ठेवला. चौकटी मोजल्या, चार पूर्ण. उलटला. फुलाच्या पाकळ्या आखूड, आडव्या. मी मान आणखी झुकवली तेव्हा आई म्हणाली, “मास्तर, यवढं भिंग लावून काय बगताव? रानीच हाय. दुसरी कोन आसंल?”

“आये, सरांना बघू दे,” मुलगा म्हणाला. “शाळेत पण आसंच बगायचे. आमी कापी केली की सरांना लगेच कलायचं.”

सनाखाली काही नव्हते. आकडेही बारीक झाले होते, आठाची पोटे भरून आली होती. उजेड डावीकडून घेतला, उजवीकडून घेतला. मुलाने मोबाइलवर फोटो काढून तो मोठा केला. पडद्यावर नुसती पांढरी चकाकी आली. एके जागी किंचित उंचवटा असल्यासारखे वाटले. रुपया फिरवला तर तो कुंकवाचा कण निघाला.

“फार घासलाय हो,” मी म्हणालो.

“घासनारच की,” आई म्हणाली. “दर दिवालीला. काला रुपया लक्ष्मीपुढं कसा ठेवू? ती म्हनंल, या घरात पानी न्हाय का.”

“आणि तुमच्याच पद्धतीने, सर,” मुलगा अभिमानाने म्हणाला. “खडू कुटायचा, लिंबाचे दोन थेंब टाकायचे आणि अंगठ्यानं गोल गोल. मी आयेला शिकवला, आयेनं माझ्या बायकोला. चिंच बंद केली आमी. तुम्ही वर्गात घासून दाखवलेला तो हाच रुपया. मीच आणला होता. विसरलात?”

मी विसरलो होतो. प्रयोग मात्र आठवत होता. तो मी दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या आधी करीत असे. हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे चांदी काळी पडते, हे मुलांना नुसते सांगून पटत नाही. म्हणून घरून एक काळा रुपया आणायला सांगायचो, अर्धा भाग खडूच्या भुकटीने घासायचो आणि ओळीने फिरवायचो. मुले अवाक होत. मग मी फळ्यावर कृती लिहून देई आणि सांगे की ही घरी आईला करून दाखवा. पालकांनी कधी विज्ञानाच्या तासाचे कौतुक केले असेल तर ते याच धड्यासाठी. त्या वेळी मला ठिपके ठाऊक नव्हते. ते मला सरांनी फार पुढे दाखवले. त्यानंतरही मी निवृत्त होईपर्यंत तो प्रयोग केला, कारण दोन गोष्टी एकमेकींशी जोडून पाहण्याचे मला सुचले नाही.

तिथे बसून मी मनाशी पाच घरे मोजली. पाचही माझ्याच विद्यार्थ्यांची होती. विश्वासाने शोधता यावे म्हणून मी नेमकी तीच घरे निवडली होती, जिथे माझा धडा पोहोचला होता.

“पुढच्या वर्षी घासू नका,” मी आईला म्हणालो.

“आता घासून घासून त्याच्यात ऱ्हायलंय काय, मास्तर,” ती म्हणाली, पण रागाने नव्हे. दोन दिवसांसाठी रुपया मागितला तेव्हा तिने तो वाटीसकट दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नारपोलीला गेलो. सरांच्या सुनेने दार उघडले. सर पलंगावर खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी रुपया त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मान वळवून तो डोळ्याच्या कडेला धरला, जवळ नेला, लांब नेला.

“चेहरा पहिला आहे,” मी म्हणालो. “फूल आखूड.”

“आणि खाली?”

मी उत्तर देण्याआधी त्यांनी अंगठा सनावरून फिरवला. पुन्हा फिरवला. “गुळगुळीत आहे,” ते म्हणाले.

मग मी सर्व सांगितले. खडू, लिंबू, पडघ्याचा मुलगा, तो वर्ग. भिंतीपलीकडे लूम चालूच होते.

“तरीच दिवाळीच्या सुमारास खडूचे खोके रिकामे असायचे,” ते म्हणाले. “मी शिपायावर आळ घेत होतो.” मग त्यांनी विचारले, “तुम्ही घासलात तेव्हा खाली काही होतं?”

“मी पाहिलं नाही.”

“अंगठ्याला लागलं असेल.”

“नाही लागलं, सर.”

त्यांनी तक्ता काढायला सांगितला. तो गादीखाली सपाट ठेवलेला होता. पेन्सिल त्यांनी माझ्याच हातात दिली. माझा चित्रकलेचा हात किती वाईट आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. शिक्षकखोलीत माझ्या बेडकाच्या आकृतीला ते बटाटा म्हणत. “काढा,” ते म्हणाले. “दिसतं तेवढंच.”

मी रिकाम्या चौकटीत वर्तुळ आखले, ते एका बाजूने चपटे झाले. फूल काढले. सन लिहिला. सनाखाली पेन्सिल थांबली. तीन ठिपके द्यायला एक क्षणही लागला नसता आणि ते खरेही असू शकले असते. दोन असते किंवा काहीच नसते, तर तेही तितकेच खरे असू शकले असते. मी जागा कोरी ठेवली.

“झालं?”

“झालं.”

“दाखवा.”

मी तक्ता त्यांच्या डोळ्याच्या कडेजवळ, उजेडात धरला. त्यांनी मान तिरकी केली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग हात पुढे करून बोटांनी कागद चाचपला, कडेपासून आत, एकेक चौकट मोजत. बोट मी भरलेल्या चौकटीच्या अलीकडच्या चौकटीवर थांबले. ती त्यांची स्वतःची होती, फार वर्षांपूर्वी काढलेली, सुरेख.

“फूल बरं आलंय,” ते म्हणाले.

मी त्यांना चूक दाखवली नाही. रुपया वाटीत ठेवला, वाटी रुमालात बांधली आणि पडघ्याची बस किती वाजता आहे ते त्यांच्या सुनेला विचारले.