उलटा हात

मालवणात माझ्या सीटकव्हरच्या दुकानासमोरच दुसऱ्या एका कारागिराचं तसलंच दुकान आहे. बोर्डाचा रंग उडालाय, तरी गिऱ्हाईक आधी तिकडेच वळतं. गाडीत शिरण्याआधी तो चपला बाहेर काढतो, जसा काही देवळातच निघालाय. मग चामडं पारखायला डोळे मिटून सीटवर उलटा हात ठेवतो आणि नुसतं ‘हूं’ म्हणतो. त्या ‘हूं’वर लोकांचा केवढा विश्वास! मी कितीही तोंडाची वाफ दवडली तरी माझ्यावर तेवढा बसत नाही.

परवा एक भारी गाडी चुकून माझ्याकडे आली. मालकाने विचारलं, चामडं खरं आहे ना? मी सीटची कड चिमटीत धरली आणि ठणकावून सांगितलं, “रेग्झिन! फसवलंय तुम्हाला.”

मालक तडक समोर गेला. मीही मागोमाग गेलो.

त्याने चपला काढल्या, उलटा हात ठेवला.

“बसूची जागा चामड्याची आसा,” तो म्हणाला. “कडेक रेग्झिन. भारी गाडयेंत तसाच आसता. ह्येंनी कड बघल्यानी, ह्येंचा काय चुकूक नाय.”

चुकलं म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

तेव्हापासून दुकानात कोणी नसलं की मी चामड्याचा आणि रेग्झिनचा तुकडा शेजारी-शेजारी मांडतो. डोळे मिटून उलटा हात ठेवतो. चपलासुद्धा काढतो. वीस वर्षं हाच धंदा करतोय, पण मला दोन्ही सारखेच लागतात.