आखाजीपर्यंतची बोराटी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी मी शहाद्याच्या वाचनालयात पॅलेस्टाईनच्या निर्वासितांवर बोललो. दुपारी दादाच्या बैलगाडीत बसून गावी निघालो. गाडी नाल्यावर पोचली तेव्हा झोपडीच्या दारात बोराटी नव्हती. झोपडीही नव्हती.

आमचं गाव तापीकाठी. नाल्यापलीकडे आमच्या वावराला लागून एका भिलाची झोपडी आणि जमिनीचा तुकडा होता. त्याच्या आजाने रान तोडून तो तुकडा केला, असं वडील सांगत. दिवाळी झाली की तो बायकोपोरांना घेऊन गुजरातेत ऊस तोडायला जाई आणि आखाजीच्या आत परते. जाताना दारात बोरीची काटेरी फांदी आडवी लावून जाई. तिचा अर्थ गावात सगळ्यांना ठाऊक होता. माणूस गेला आहे, घर गेलेलं नाही. आत कुणी शिरायचं नाही, वावरात बैल सोडायचा नाही. बोराटी वाळून झडली, तर शेजाऱ्याने हिरवी तोडून लावायची. वाळलेल्या बोराटीला मान नसे.

आमच्या घरातून हे काम वडील करीत. शेवटच्या दुखण्यात त्यांनी ते माझ्याकडे दिलं. दादा थोरला, शेती त्याच्या हातात, तरी हे काम त्यांनी मला सांगितलं. मी मान डोलावली आणि शहाद्याला हायस्कुलात मास्तर होऊन गेलो.

वाचनालयात उन्हाळ्यात व्याख्यानं होत. त्या वर्षी वाद ठेवला होता : पॅलेस्टाईनमधून गेलेल्यांना परत जाऊ द्यावं की नाही. मी महिनोन्महिने वर्तमानपत्रातली कात्रणं जमवली होती. मी म्हणालो, माणूस भिऊन पळाला की त्याला हाकललं, यावर भांडत बसू नका. दोन्ही रीतींनी तो घर सोडूनच गेला; घर त्याचंच राहिलं, त्याला परत जाऊ द्यावं. मग मला आमची बोराटी आठवली आणि मी ती सांगितली. टाळ्या पडल्या. बाजाराला आलेला दादा शेवटच्या बाकावर बसला होता. तोही टाळ्या वाजवत होता.

विरुद्ध बाजूने बाजारपेठेतले कापडवाले सिंधी गृहस्थ बोलले. फाळणीत ते सिंधमधल्या सक्करहून आले होते.

"मास्तरजी, तुमची बोराटी अच्छी आहे. पण सक्करला माझ्या घरात आज जो राहतो, तोही कुठून तरी जीव वाचवूनच आला असेल. पॅलेस्टाईनात आलेले ज्यूही तसेच आले. त्याला रस्त्यावर काढून मी घरात शिरलो, तर मला झोप येईल?"

"मग गेलेल्यांनी काय करायचं?" मी विचारलं.

"ज्यांनी ज्यांनी हे होऊ दिलं, त्या सगळ्यांनी मिळून भार उचलायचा. इंग्रजाने, शेजारच्या राजांनी, आत राहणाऱ्याने. आणि पहिल्यांदा कुणीतरी म्हणायचं, हो, हे तुझं होतं. मला अजून कुणी म्हटलं नाही."

वाटून घेतलेली जबाबदारी शेवटी कुणाचीच राहत नाही, असं मी उत्तर दिलं. पुन्हा टाळ्या झाल्या.

"चांगला बोलना तू, भाऊ," दादा गाडीत म्हणाला. वाटभर तो खुशीत होता. नाल्यावर मी गाडी थांबवायला लावली. झोपडीच्या जागेवर केळीच्या रांगा होत्या, माणसाच्या डोक्यावर गेलेल्या.

"हे काय, दादा?"

"केळी."

"त्याची झोपडी?"

"गये आखाजीले तो उना नही. कोनी हाकलं त्याले? आपला पायवरी गया."

"सकाळी मी बोललो, ते तू ऐकलंस ना?"

"आयकं ना. ते अरब लोकेसनं व्हतं."

त्याने बैल हाकले.

दुसऱ्या दिवशी, आखाजीलाच, तो भील आला. मागच्या उन्हाळ्यात तिकडे त्याची थोरली मुलगी आजारी पडली आणि वारली, म्हणून राहून गेला होता. केळी पाहून तो तसाच गावात आला. निंबाखाली पंच बसले. तो माझ्याकडे वळला.

"मास्तर, बोराटी मी लायेल व्हती. तुनी देखेल शे ना?"

"होती," मी म्हणालो.

एका म्हाताऱ्या पंचाने विचारलं, "ती वायनी, तवय हिरवी कोनी लाई?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्यांना ते काम कुणाचं हे माहीत होतं. बोराटी वाळली त्या उन्हाळ्यात मी गावी आलोच नव्हतो. दिवाळीला आलो तो सडकेने, नाल्याच्या वाटेने नाही; दोन दिवस ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो, नाल्यापर्यंत गेलो नाही.

"सांग ना, मास्तर," दादा म्हणाला. अगदी हळू, मायेने म्हणाला.

तेव्हा मला कळलं. मी विसरलोय हे दादाला मागच्या उन्हाळ्यापासून ठाऊक होतं. एक निरोप धाडला असता, तर मी आलो असतो. तो गप्प राहिला आणि पाऊस पडल्यावर त्याने केळी लावली. वाचनालयात त्याने टाळ्या वाजवल्या, त्याही हे सगळं मनात ठेवून.

"मी लावली नाही," मी म्हणालो.

पंच उठले. वाळलेली बोराटी म्हणजे सोडलेलं घर, एवढंच ते बोलले. हे तुझं होतं, असं कुणी म्हटलं नाही. कापडवाल्यांचं वाक्य मला तोंडपाठ होतं. मीही म्हटलं नाही.

तो भील बायकोपोरांना घेऊन तळोद्याच्या वर, सासुरवाडीच्या डोंगरात निघून गेला. मी त्याला शोधायला गेलो नाही.

दादा मागच्या भादव्यात वारला. त्याला मूलबाळ नव्हतं. अग्नी मी दिला. मी रडलो, आणि रडताना त्या टाळ्या मला ऐकू येत होत्या.

नाल्याकाठचा तुकडा आता माझ्या नावावर आहे. त्यात केळी आहेत.