आंदणाची कालवड

बाईचं लग्न झालं, त्या दिवशी बाबांनी तिला आंदण म्हणून कालवड दिली. गोठ्यात कालवडी दोन होत्या. एक जर्सीची, एक गावठी. बाबांनी गावठी सोडली आणि जर्सी ठेवली.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. यंदाच्या उन्हाळ्यात ती गेली. तिच्याविषयी लिहायला बसलो की आधी ती कालवडच समोर येऊन उभी राहते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. मूल या तालुक्याच्या गावाच्या बाजूला, धानाच्या पट्ट्यात आमचं गाव. जवळच कृत्रिम रेतनाचं केंद्र आलं होतं. गावठी गाय तिथे न्यायची, होणारी कालवड आईच्या कितीतरी पट दूध देईल, असं डॉक्टर सांगत, आणि ते खरंही होतं. बाबांनी सगळ्यांच्या आधी ऐकलं. पुढे संकर बिघडू नये म्हणून गावातले मोकळे फिरणारे गावठी वळू खच्ची करण्यात आले. कुणी हरकत घेतली नाही. आमच्या जर्सीचं दूध मूलच्या हॉटेलांत जाऊ लागलं, आणि माझी कॉलेजची पुस्तकं त्या दुधातून आली. हे मी विसरत नाही.

गावठी कालवड कमरेएवढी, पांढुरकी, आखूड शिंगांची. तिची आई चहापुरतं दूध द्यायची. एक द्यायचीच आहे तर ही द्यावी, एवढाच बाबांचा विचार.

बाईचं सासर जंगलाच्या कडेला, नाल्यापलीकडे. पाठराखा म्हणून मी तिच्यासोबत गेलो होतो. दारात सासूबाई ओवाळायला उभ्या होत्या. त्यांनी सुनेच्या आधी व्याह्यांच्या कालवडीकडे पाहिलं.

"इवायानं गाय देली का बकरी वो?"

"बकरी बरी," शेजारीण म्हणाली, "दोन-दोन पिल्लं त देते."

अंगणभर बाया हसल्या. बाई हसली नाही आणि रडलीही नाही. तिने दावं हातातून सोडलं नाही, इतकंच मला आठवतं.

आमच्याकडे आंदणाचं जनावर सुनेचं असतं. त्याची पिल्लंही तिचीच. ते विकायचं तर तिने हो म्हणावं लागतं. सासरच्यांना ती गाय घरात नको होती. दर उन्हाळ्यात जनावरांचा व्यापारी गावातून जाई, आणि त्याच्या मागे गेलेलं जनावर नांगराला जात नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो आला की सासूबाई विषय काढत. एकदा मी ओसरीवरच बसलो होतो.

"हो म्हण ना वो. चारा खाऊन राह्यली नुसती."

"नाई म्हणत मी."

"काऊन?"

"माह्या बाबानं देली."

"देली नाई वो, काढून टाकली."

ते खरं होतं. व्यापारी गेल्यावर बाईने गाईपुढे पेंढी टाकली आणि स्वयंपाकाला लागली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा "नाई".

गाय गावच्या कळपाबरोबर जंगलात चरायची. त्या कळपात गावठी वळू अजून शाबूत होता, कारण डॉक्टरांची जीप नाल्यापलीकडे कधी आलीच नव्हती. गाईला एकामागून एक दोन गोऱ्हे झाले. ते मोठे झाले तेव्हा बाईने भाऊजींच्या मागे लागून त्यांना कामाची सवय लावायला लावली. भाऊजी लोकांना म्हणायचे, "बायकोची हौस आहे, गा."

मग ते वर्ष आलं. पाऊस लांबला आणि आला तेव्हा सगळीकडे एकदम आला. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाफ्यात जून होत चाललेले. प्रत्येकाची रोवणी एकाच वेळी, त्यामुळे तिच्याआधीच्या चिखलणीला भाड्याने बैलजोडी मिळेना. आमचे संकरित बैल चिखलात बसले होते. बाबांनी मला बाईच्या गावी जोडी शोधायला पाठवलं. तिथे पोचलो तर तळ्याखालच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सासऱ्यांनी विकत आणलेली संकरित जोडीही बसलेली. उंच, देखणे बैल, पण मानेवर वशिंड नाही. जू टेकायला जागाच नसल्याने ते शिंगांकडे घसरायचं. वर ऊन, खाली चिखल. जिभा बाहेर काढून दोघे धापा टाकत होते. शेपट्या पिरगाळून झाल्या. बैल उठले नाहीत.

बाई पऱ्ह्यांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन बांधाच्या धुऱ्यावरून येत होती. सासरे तिच्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, तुह्या गोऱ्ह्यायले जुपतो."

बाईने पेंढ्या खाली ठेवल्या. "इचारून राह्यले का सांगून राह्यले, मामाजी?"

रोवणीच्या बाया थांबल्या. त्यांच्यातल्या सासूबाईच सगळ्यांत आधी हसल्या.

"इचारून राह्यलो वो माय."

"मंग जुपा."

ते दोघे लहानगे बैल बांधीत उतरले आणि चालू लागले. जू वशिंडाला लागून पक्कं बसलं होतं. अंग हलकं, खूर लहान. रुतायचे आणि लगेच निघायचे. दिवस मावळायच्या आत बांधी लोण्यासारखी झाली. ती शेजारीण उद्यासाठी जोडी मागायला आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माह्यी नाई ते. तिले इचार."

मग आमची पाळी आली. बाईने जोडी माझ्यासोबत दिली, आणि सासूबाई "इवायाचं तोंड पाहू द्या मले" म्हणत स्वतः चालत आल्या. बाबा धुऱ्यावर उभे होते.

"इवाई, तुमच्या पोरीनं जोडी धाडली. अजून असं आंदण असन त द्या."

"आता कुठी राह्यलं, इहीनबाई? होतं ते तुमच्याकडंच धाडलं."

सगळे हसले, बाबाही. रोवणी आटोपेपर्यंत त्या बैलांना पाणी पाजायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

व्यापारी पुढच्या उन्हाळ्यातही आला. सासूबाईंनी त्याला अंगणातूनच वाटेला लावलं. आमच्या गावातल्या गाई नाला ओलांडून त्या वळूकडे जाऊ लागल्या, आणि त्यांत पहिली गाय बाबांनी नेली. बाईच्या गाईला पुढे कालवडी झाल्या, त्या मागायला लोक येत. ती घर बघून देई, आणि विकणार नाही असं आधी कबूल करून घेई.

या गुरांना आता सरकारदरबारी स्वतःच्या जातीचं नाव आहे. मी ते बाईला वाचून दाखवलं होतं. "नाव नव्हतं तवाही चालतच होते," म्हणाली, आणि मला हातपाय धुवायला पाठवलं.

बाबा नाहीत, सासूबाई नाहीत. आता बाईही नाही. चिखलणी ट्रॅक्टर करतो. तिच्या गोठ्यात त्या गाईच्या वंशातल्या तीन गाई आहेत आणि एक गोऱ्हा.